वर्धापनदिनाची देणगी कोणाच्या ताटात?

दर १० फेब्रुवारीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वर्धापनदिन येतो. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांसारखे पहिले कुलगुरू लाभलेल्या या विद्यापीठाने पंचाहत्तरी ओलांडली आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत पहिली पदवी आली ती याच विद्यापीठाची. त्या पदवीधरांपुढे, म्हणजे तुमच्या-माझ्यापुढे, विद्यापीठाला द्यायच्या देणगीविषयी काही मुद्दे ठेवायचे आहेत.

१. प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षणाची सोय झाली, हा समज आधी सोडू या. २०२४ मध्ये राज्य सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, हे चांगलेच झाले. पण मेसचे बिल, खोलीचे भाडे, पुस्तके यांचे काय? वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही की मित्राच्या खोलीत चोरून राहायचे. अशा मुलाला इथे ‘पॅरासाइट’ म्हणतात. एक डबा दोघांत पुरवायचा आणि रात्रीची भूक चहावर भागवायची. गावाकडे सोयाबीनचा भाव पडला की पुढच्या महिन्याचे पैसे येत नाहीत. मग काही मुले सत्राच्या मध्येच गावी जातात, ती परतत नाहीत. नापासांच्या यादीतही त्यांची नोंद सापडत नाही. महिन्याच्या मेसबिलापायी हुशार मूल गमावणे ही आपल्या सर्वांची नामुष्की आहे.

२. वेळेवर दिलेल्या पैशाने काय घडते, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला हवे का? १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी एका तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. पण देणारा महाराजाच लागतो असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली पोरे उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडात गावोगावच्या बायकांनी दळणातले मूठमूठ धान्य बाजूला काढले. त्यांच्या घरी काय शिल्लक होते? तरीही त्यांनी दिले. आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

३. इमारतींना माझा विरोध नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, तो आजही शहराचे भूषण आहे. पण त्याच प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठीही मोठी रक्कम दिली, हे आपण विसरतो. सभागृहावरच्या पाटीला दाते मिळतात, निर्वाह निधीला मिळत नाहीत. हा क्रम आता उलटा व्हायला हवा.

४. ‘हे सरकारचे काम नाही का?’ आहेच. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष उलटल्यावर खात्यात जमा होतात, त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. देणगीदार पुढे आले म्हणून अनुदानाला कात्री लावण्याची मुभा कोणालाही नाही. पण मेसवाला पोर्टलवरच्या ‘प्रलंबित’ शेऱ्यावर जेवू घालत नाही. सरकारशी भांडण चालू असतानाही त्या मुलाला आज जेवायला मिळाले पाहिजे.

५. विद्यापीठाचीही जबाबदारी आहे. निर्वाहासाठी वेगळा कायम निधी असावा, मुद्दलाला हात न लावता त्याच्या व्याजातून मदत जावी, आणि किती आले, किती मुलांना दिले, याचा हिशेब दरवर्षी वर्धापनदिनी जाहीर व्हावा. हिशेब दिसला तर पाचशे रुपये देणारा शिक्षकही पुढे येईल. अर्ज साधा असावा, पैसे थेट खात्यात जावेत. आणि मदत घेणाऱ्या मुलाला व्यासपीठावर उभे करून धनादेशासह त्याचा फोटो काढणे कायमचे बंद व्हावे. गरिबीचे प्रदर्शन मांडायला लावणारी मदत स्वाभिमानी मुले मागतच नाहीत, आणि नेमकी तीच शिक्षण सोडून निघून जातात.