विश्लेषण : खारघरचा कोल्हा आणि पुण्याचा संकरित लांडगा, प्रजातीची रेषा नेमकी कुठे?

खारघरच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात आणि लगतच्या वसाहतींत भटकी कुत्री. कचऱ्यापाशी दोघांची गाठ पडते. ही शेजारधर्माची गोष्ट नाही, हे पुण्याच्या लांडग्यांकडे पाहिल्यावर कळते.

प्रजाती म्हणजे काय?

अर्न्स्ट मायर यांची १९४२ची व्याख्या अजूनही शिकवली जाते : ज्यांच्यात नैसर्गिकरीत्या संकर होऊन प्रजननक्षम पिल्ले होतात, ती एक प्रजाती. मध्ये समुद्र किंवा डोंगर आला की एकाच प्रजातीचे दोन गट आपापल्या वाटेने बदलतात. हजारो पिढ्यांनी पुन्हा भेटले तरी जुळत नाहीत. तीच नवी प्रजाती. दिसण्यावर जाऊ नये; आफ्रिकेतला ‘सोनेरी कोल्हा’ आपल्याच कोल्ह्यासारखा दिसतो, पण २०१५ मध्ये जनुकांवरून तो वेगळी प्रजाती ठरला.

मग अडचण कुठे?

कुत्रा आणि लांडगा अजून पुरते तुटलेले नाहीत. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच रंगाचा ‘लांडगा’ दिसला. तो कुत्र्याशी झालेल्या संकरातून आल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आहे, कुत्रा नाही. अर्ध्या लांडग्याचे काय करायचे? कायद्याला यादी लागते, निसर्ग यादीप्रमाणे चालत नाही.

कोल्हा-कुत्रा संकरही अशक्य नाही, क्रोएशियात त्याची नोंद आहे. त्यामुळे खाडीकाठचा उघडा कचरा उचलणे आणि तिथल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण हे केवळ स्वच्छतेचे किंवा रेबीजचे काम मानून चालणार नाही. ते कोल्हा वाचवण्याचेही काम आहे, आणि संकर सापडण्याआधी ते स्वस्तात होते.