मुंबई बंदरातील हिंदी खलाशांच्या औषधोपचाराबाबत निवेदन

मुंबई, सप्टेंबर 1938

प्रति,
नामदार डॉ. मंचेरशा धनजीभाई गिल्डर,
आरोग्यमंत्री, मुंबई सरकार

विषय : बोटीवरून आजारी किंवा जखमी होऊन उतरणाऱ्या हिंदी खलाशांसाठी मुंबईत इस्पितळाची सोय करण्याबाबत.

महाशय,

आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे लोक मुंबई बंदरातून विलायती कंपन्यांच्या बोटींवर चाकरी करतो. आमच्यात सारंग, टिंडल, सुखाणी आहेत, आगवाले, कोळसेवाले, भंडारी आणि बटलरही आहेत. डेकवरचे पुष्कळसे लोक रत्नागिरी जिल्ह्यातले, खाण्यापिण्याच्या खात्यातले गोव्याचे, भट्टीवरचे बहुतेक पंजाब आणि सरहद्दीकडचे. आपण स्वतः डॉक्टर आहात, तेव्हा प्रस्तावना न लांबवता दुखणे कुठे आहे तेवढेच दाखवतो.

बोटींचा कायदा असा आहे की, चाकरीवर असताना खलाशी जखमी झाला किंवा आजारी पडला, तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च मालकाने सोसायचा. कुठवर? तो बरा होईपर्यंत, मरेपर्यंत, किंवा ज्या बंदरातून त्याला घेतले त्या बंदरात परत आणून सोडेपर्यंत. यातली तिसरी अट आमच्या मुळावर आली आहे. लंडन असो, अँटवर्प असो, सिडनी असो, तिथे आमच्या दुखण्याला कोणीतरी धनी असतो. कंपनीचा एजंट इस्पितळाचे बिल भरतो, कारण न भरून त्याची सुटका नाही. मुंबई हे आमचे घरचे बंदर. अलेक्झांड्रा डॉकमध्ये बोट लागली, शिपिंग मास्तरांपुढे पगाराचा हिशेब झाला, नोकरीच्या बुकावर शिक्का बसला, की मालक मोकळा. खलाशी मात्र अजून तापात असतो.

एक उदाहरण देतो. माणसाचे आणि कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. आपण भेट दिलीत तर तो माणूस समोर उभा करू. दाभोळ खाडीकडचा हा खलाशी उत्तरेकडच्या एका बंदरात हॅचमधून खाली होल्डमध्ये पडला. मांडीचे हाड मोडले. तिथल्या इस्पितळाने हाड बसवले, प्लास्टर घातले, आणि पुढच्या बोटीने त्याला मुंबईस पाठवले. येथे उतरताना प्लास्टर पायावरच होते. एका हाताखाली काठी, दुसऱ्या हातात इंग्रजीत लिहिलेला डॉक्टरचा कागद. बिछाना आणि पत्र्याची ट्रंक एका हमालाने गेटापर्यंत आणून ठेवली आणि तिथून तो मागे फिरला. पावसाळ्याचे दिवस होते, म्हणजे कोकणच्या आगबोटी बंद. खटाऱ्यातून घाट उतरून गावी जाण्याजोगा पाय नव्हता. एका इस्पितळाने खाट रिकामी नाही म्हणून परत लावले, दुसऱ्याने पुढच्या आठवड्यात या म्हटले. तो गावच्या जमातीच्या खोलीत पडून राहिला. त्या खोलीत रात्री पाय पसरायला जागा नसते, लोक पाळीने झोपतात. अखेर एका हाडवैद्याने प्लास्टर फोडून आपल्या पद्धतीने पट्टी बांधली. आता तो पाय आखूड आहे. बोटीवर त्याला कोणी घेत नाही, आणि सारंगाचे कर्ज व्याजासह उभे आहे.

परदेशच्या इस्पितळाने जे काम चोख केले ते घरच्या बंदरात बिघडले. आमची तक्रार मुळात एवढीच आहे.

हाड मोडलेले निदान डोळ्यांना दिसते. छातीचे दुखणे दिसत नाही. कोळशाच्या बोटीवर आगवाला तांबड्या समुद्रात भट्टीपुढे फावडे मारतो, अंगावर धड कपडा ठेवणे शक्य नसते, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस उत्तरेच्या थंडीत घामाने भिजलेला वर हवेला येतो. खोकला सुरू झाला तरी तो सांगत नाही. सांगितले तर पुढच्या खेपेला सारंग त्याला निवडणार नाही. रक्त पडू लागले म्हणजे उतरतो, आणि येथल्या गर्दीच्या खोलीत किंवा गोवेकरांच्या कुडीत, म्हणजे त्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, इतरांच्या उशाशी झोपतो. क्षय कसा पसरतो हे आपल्याला आम्ही सांगावे असे नाही.

खलाशांकरिता या शहराने कधी काही केलेच नाही असे म्हणणे मात्र खोटे होईल. आपले कायदेमंडळ ज्या इमारतीत भरते ती मूळची खलाशांचीच आहे. ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या भेटीच्या स्मरणार्थ 1870 मध्ये तिची पायाभरणी झाली, 1876 मध्ये ती पुरी झाली, आणि खर्चापैकी 2 लाख रुपये बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दिले. नाव रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. दर्शनी त्रिकोणात दर्याचा देव नेपच्यून आणि त्याचे समुद्रघोडे अजून कोरलेले आहेत. पैसा हिंदी राजाचा, सोय गोऱ्या खलाशाची. 1928 मध्ये सरकारने ती इमारत घेतली. ती परत द्या असे आम्ही म्हणत नाही. त्या सभागृहात आमचा प्रश्न निघेल तेव्हा छपराखालचा इतिहास सभासदांना ठाऊक असावा, एवढेच. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आमच्यासाठी राहण्याची सोय आहे आणि गेल्या महायुद्धात बुडालेल्या हिंदी खलाशांचे स्मारकही आहे. मेलेल्यांची आठवण ठेवली याबद्दल आम्ही ऋणी आहोत; आजाऱ्यांसाठी तिथे इस्पितळ नाही.

आता अधिकाराचा प्रश्न. आमचे अर्ज आजवर याच ठिकाणी अडले. बोटी दिल्लीच्या ताब्यात, गोद्या पोर्ट ट्रस्टच्या, इस्पितळे प्रांताची. जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराच्या 1935 च्या कायद्यातील संघीय यादीत खलाशांची व सागरी इस्पितळे हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण यादीत शब्द असून रोग्याला खाट मिळत नाही, आणि हिंदी खलाशांसाठी म्हणून असे एकही इस्पितळ मुंबईत नाही. दिल्ली ते बांधील तेव्हा बांधो. तोवर आजारी माणूस प्रांताच्या रस्त्यावर पडलेला असतो आणि त्याचा क्षय प्रांताच्या चाळीत पसरतो.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी प्रांताच्या हातातली आहे. जे. जे. आणि गोकुळदास तेजपाल या दोन इस्पितळांत काही खाटा खलाशांसाठी राखून ठेवाव्यात आणि नोकरीचे बुक दाखवताच दाखल करून घ्यावे. कोणाची चिठ्ठी किंवा वशिला मागू नये. बोरीबंदरचे सेंट जॉर्ज इस्पितळ गोद्यांना सर्वांत जवळ आहे, पण ते मुख्यतः युरोपियनांकरिता चालते. क्रेनखाली सापडलेल्या माणसाला त्या दारावरून पुढे भायखळ्यापर्यंत नेणे यात कोणते शहाणपण आहे, हे लोकनियुक्त सरकारने एकदा पाहावे. अपघाताच्या रोग्याला तरी वर्ण न पाहता तिथे घ्यावे.

दुसरे, गोदीच्या गेटाजवळ एक दवाखाना हवा. तो संध्याकाळी उघडा असावा, कारण दिवसा बोटीवरून सुटका होत नाही. आणि तिथे मराठी, कोकणी व हिंदुस्थानी समजणारा माणूस असावा. गुप्त रोगांवरही तिथेच, गाजावाजा न करता, फुकट उपचार व्हावेत. 1924 मध्ये ब्रुसेल्सला झालेल्या कराराने सर्व देशांच्या खलाशांना बंदराबंदरांत ही सोय देण्याचे ठरले आहे. या विषयावर आम्हांला नीती शिकवणारे पुष्कळ भेटतात, औषध देणारा क्वचित.

तिसरी गोष्ट तपासणीची. हिशेब चुकता होण्यापूर्वी सरकारी डॉक्टरने प्रत्येक खलाशाची छाती तपासावी आणि जे दुखणे सापडेल ते बुकाऐवजी वेगळ्या कागदावर नोंदवावे. बुकात लिहिले तर त्याचे पोट कायमचे बंद होते. त्या नोंदीवरून पुढच्या उपचाराचा खर्च मालकाकडून वसूल व्हावा. 1936 मध्ये जिनीव्हाच्या मजूर परिषदेत जो करार मंजूर झाला, त्यात खलाशी बरा होईपर्यंत मालकाची जबाबदारी धरली आहे, आणि कायद्याने मर्यादा घालायचीच झाली तर ती सोळा आठवड्यांहून कमी नसावी असे म्हटले आहे. हिंदुस्थान सरकारने तो करार अजून स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा असा आग्रह धरणारे पत्र मुंबई सरकारने दिल्लीस पाठवावे.

पैसा कोठून आणायचा, हे विचारले जाईलच. आमच्या पगारातून कापू नये. अमेरिकेने 1798 मध्ये खलाशांच्या पगारातून महिना वीस सेंट कापून इस्पितळे काढली, आणि 1884 मध्ये ती कपात बंद करून बोटींच्या टनांवर कर बसवला. जो मार्ग त्यांनी शेवटी धरला तो आपण आरंभीच धरावा. मुंबईस लागणाऱ्या परदेशी बोटींवर टनामागे अल्पशी पट्टी बसली, तर दवाखाना आणि खाटा दोन्ही चालतील. बोटींचा धंदा यामुळे बुडेल असे कंपन्या म्हणतील. लंडनच्या सीमेन्स हॉस्पिटल सोसायटीने 1821 मध्ये थेम्समधल्या एका जुन्या जहाजावर सर्व देशांच्या खलाशांसाठी इस्पितळ चालू केले. त्यानंतरही लंडनचा व्यापार वाढतच गेला. त्याच सोसायटीच्या आल्बर्ट डॉकवरील इस्पितळात 1899 मध्ये सर पॅट्रिक मॅन्सन यांनी उष्ण देशांतील रोगांची शाळा काढली. ज्या रोग्यांवरून तिथले डॉक्टर शिकले त्यांत हिंदी खलाशीही होते.

या सर्व कामावर देखरेख करणारी समिती नेमल्यास तीत चाकरीवरचे खलाशी असावेत, खलाशांची भरती करणारे घाट सारंग नकोत. याचे कारण आम्ही कागदावर मांडत नाही, समक्ष सांगू.

येत्या अंदाजपत्रकात निदान राखीव खाटा आणि गोदीजवळचा दवाखाना यांची तरतूद व्हावी, आणि त्याआधी आमच्या पाच जणांच्या शिष्टमंडळाला आपण भेट द्यावी, अशी विनंती आहे. आमच्यातले बरेच जण दिवाळीच्या सुमारास पुन्हा बोटींवर चढतील, म्हणून भेटीचा दिवस त्यापूर्वीचा द्यावा.

आपले नम्र,
मुंबई बंदरातील हिंदी खलाशी
(सह्या व अंगठे सोबतच्या कागदांवर)