खूण सांगा!

आमच्या भिंगारात पत्ता विचारायची चाल नाही. नुसते नाव पुरते. मीही त्याच भरवशावर सुखाने नांदत होतो. गेल्या श्रावणात मात्र पहाटे तीनला आईला धाप लागली. वय ८२.

‘१०८’ला फोन केला. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. फोन कुठूनही करा, उचलतात पुण्यात.

“पत्ता?” पलीकडून मुलीने विचारले.

“शिंप्याच्या मागच्या बोळात!”

शिंपी वारल्याला दहा वर्षे झाली! आणि मी म्हणे पोरांना नेमके लिहायला शिकवतो.

“सर, मोठ्या रस्त्यावरची खूण सांगा.”

मी गांगरलो. सौभाग्यवतींनी फोन हिसकून घेतला. “नगरहून पाथर्डी रस्त्याने भिंगारात या. मुलगा रस्त्यावर बॅटरी घेऊन उभा राहील. आजी शुद्धीवर आहेत, पण बोलताना धापतात.”

गाडी आली, बोळात शिरेना. धाप लागलेल्याला आडवे निजवू नये, म्हणून आईला खुर्चीतच बसवून चौघांनी उचलले. गाडीत डॉक्टर होते. त्यांनी लगेच प्राणवायू लावला.

आठव्या दिवशी आई घरी आली. आता दाराशेजारी पत्ता, वाट आणि आईची औषधे लिहिलेला कागद आहे. मजकूर सौभाग्यवतींचा; मी फक्त डकवला.