मोबाईल बंद करायला लावणाऱ्यांना कलम विचारा!

"व्हिडिओ काढू नको, गुन्हा दाखल करीन!" मोर्चात, नाकाबंदीवर, पोलीस ठाण्याच्या दारात ही धमकी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. साथींनो, हा गुन्हा नेमका कोणत्या कायद्यात आहे?

पोलिसांचे चित्रीकरण सरसकट बेकायदेशीर ठरवणारा कायदा महाराष्ट्रात नाही. म्हणून ब्रिटिशांचा १९२३ चा शासकीय गुपिते कायदा बाहेर काढला जातो. तो आहे हेरगिरीसाठी! वर्धा पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढणाऱ्या नागरिकावर तो लावला गेला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केले, की या कायद्यातील 'प्रतिबंधित ठिकाणां'त पोलीस ठाणे येतच नाही. पाथर्डी ठाण्यातील संभाषण रेकॉर्ड करणाऱ्यांवरही तेच कलम लावले होते. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तेही रद्द केले.

दुसरे हत्यार 'सरकारी कामात अडथळा'. पूर्वीचे ३५३, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १३२. त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर व्हावा लागतो. बाजूला उभे राहून मोबाईल धरणे हा हल्ला कसा?

उलट १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण पोलिसांनीच करायचे आहे. म्हणजे अडचण कॅमेऱ्याची नाही, तो कोणाच्या हातात आहे याची आहे.

तो आपल्या हातात का हवा? ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबारात दहा जण मारले गेले. पोलीस म्हणाले, जमाव गॅस टँकर पेटवत होता. तो दावा खोडून काढायला गुंडेवार आयोग बसवावा लागला. आमच्या मावळात ९ ऑगस्ट २०११ ला पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात तीन शेतकरी गोळीबारात गेले. तिथे वाहिन्यांचे कॅमेरे होते, म्हणून गाड्या फोडणारे पोलीस घराघरांत दिसले.

आणि परभणी? संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आणि अटक झालेला भीमसैनिक सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत गेला. गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. कोठडीत आपला कॅमेरा पोहोचत नाही. म्हणून रस्त्यावरचा कॅमेरा तरी सोडू नका.

मात्र शिस्त पाळा. अंतर ठेवा, शिवीगाळ करू नका. मूळ व्हिडिओ कापू नका, त्याची प्रत लगेच वकिलाकडे द्या. पीडित स्त्रिया आणि मुलांचे चेहरे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. मोबाईल घेतलाच तर जप्तीचा पंचनामा मागा.

बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानात अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य कलम १९ मध्ये लिहिलेले आहे. ते साहेबांच्या मर्जीवर चालत नाही. पुढच्या वेळी कोणी "बंद कर" म्हणाले, तर शांतपणे एवढेच विचारा: "साहेब, कोणत्या कलमाखाली?"

जय भीम! जय संविधान!

औंढे, ता. मावळ, जि. पुणे