"कोणी केलं?" च्या पुढचा प्रश्न

ऑफिसात काही बिघडलं की पहिला प्रश्न येतो, "कोणी केलं?" कापसाच्या हंगामात आपल्या आदिलाबादच्या मार्केट यार्डातही हेच. मीटरवर ओलावा 8 टक्क्यांच्या वर दिसला की भाव कापला जातो आणि शेतकऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं. गाडी रात्रभर दवात रांगेत उभी होती का, मीटर शेवटचा कधी तपासला, हे फारसं कोणी विचारत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात यावर 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' नावाची पद्धत रुळली आहे. नाव भयंकर आहे, मान्य. पण त्यात कापाकापी घटनेची होते, माणसाची नाही.

31 जानेवारी 2017 ची गोष्ट बघा. गिटलॅब कंपनीत रात्री एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. लक्षात येईपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. कंपनीने सविस्तर अहवाल जाहीर केला, पण त्या इंजिनिअरचं नाव न घेता. खरी गडबड वेगळीच निघाली. रोजचा बॅकअप होतच नव्हता, कारण त्याचं साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण तेही वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. त्या माणसाला घरी पाठवलं असतं तर बॅकअप सुधारला असता का?

आपल्या देशात याहून जुनं उदाहरण आहे. 10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 श्रीहरिकोट्याहून उडालं आणि 317 सेकंदांनी बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्प संचालक होते अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि जबाबदारी घेतली. चौकशीत कारण सापडलं: एक झडप कचऱ्यामुळे नीट बंद झाली नाही, नायट्रिक आम्ल गळून गेलं आणि दुसऱ्या टप्प्याचं नियंत्रण सुटलं. 18 जुलै 1980 ला तेच यान, त्याच कलामांच्या हाताखाली, यशस्वी झालं. तेव्हा विक्रम साराभाई केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते. त्या दिवशी पत्रकारांसमोर धवन यांनी कलामांना पुढे केलं.

मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या एका नवीन मुलीने टेस्टची स्क्रिप्ट चालू सिस्टीमवर चालवली. ती राजीनामा लिहूनच मीटिंगला आली होती. मी फक्त फळ्यावर वेळा लिहायला सांगितल्या: किती वाजता काय केलं, तेव्हा समोर काय दिसत होतं. दोन्ही खिडक्या काळ्या, नावात फरक एका अक्षराचा, आणि नव्या माणसालाही पहिल्याच आठवड्यात सगळे अधिकार. मग बाकीचेही बोलू लागले. तिघांची तीच चूक होता होता राहिली होती, पण भीतीने कोणी तोंड उघडलं नव्हतं! माझ्या मते मीटिंगची खरी कमाई ती होती.

"तू असं का केलंस?" विचारलं की माणूस वकिली सुरू करतो. "तेव्हा तुला काय दिसलं?" विचारलं की माहिती मिळते. साहेबांनी शेवटी बोलावं. आणि "पुढे काळजी घेऊ" हा उपाय धरू नये. उपायापुढे नाव आणि तारीख हवी. मुद्दाम केलेली लबाडी किंवा लपवाछपवी यात बसत नाही, तिचा रस्ता वेगळा.

आमच्याकडे आता चालू सिस्टीमची खिडकी लालभडक असते, आणि काही पुसायचं असेल तर सर्व्हरचं पूर्ण नाव टाइप करावं लागतं. ती मुलगी अजून टीममध्ये आहे. राजीनाम्याचा कागद तिने माझ्याकडे दिलाच नाही, मीही मागितला नाही.