तलावाच्या तळातली ठेव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव हे पूर्व विदर्भाचे जुने भांडवल होय. गोंड राजवटीत कोहळी समाजाने ते मोठ्या कौशल्याने बांधले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांच्या तळाशी गाळ साचत राहिला. अवर्षणाच्या वर्षी तळ उघडा पडला की हा गाळ काढण्याची संधी मिळते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागील विचार हाच आहे. तलावात पाणी अधिक मावावे आणि शेतास सुपीक माती मिळावी, या हेतूशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो हिशेबाच्या पद्धतीला. किती घनमीटर गाळ निघाला याची नोंद होते. त्या गाळाबरोबर किती बियाणे गेले, यासाठी वहीत रकानाच नाही.

पाणवनस्पतींचे बी आणि कोरड यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. पाणी आटले की पाणवनस्पती संपल्या, ही समजूत चुकीची आहे. व्हॅन डर व्हॉक आणि डेव्हिस या संशोधकांनी अमेरिकेतील आयोवा राज्यातील दलदलींचा अभ्यास करून १९७८ साली दाखवून दिले की, तेथील अनेक वनस्पतींचे बी उभ्या पाण्याखाली रुजतच नाही. पाणी ओसरून ओला चिखल उघडा पडला, की मग ते जागे होते. पूर्ण बुडून वाढणाऱ्या वनस्पतींचे बी मात्र पाणी परतण्याची वाट पाहते. कमळाच्या बियांचे कवच तर इतके अभेद्य, की जपानमध्ये इचिरो ओगा यांनी १९५१ साली उत्खननात मिळवलेले, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे समजले जाणारे बी रुजून त्याला फुले आली. याच्या अगदी उलट शिंगाड्याचे. त्याचे फळ पूर्ण सुकले की आतला अंकुर मरतो. एकाच तलावात कमळ व शिंगाडा शेजारी नांदतात; पण एकाची ठेव मुदतीची, तर दुसऱ्याची रोकड.

खरा घात कोरडीपेक्षा अर्धवट ओलीने होतो. बी प्रथम पाणी शोषून फुगते, मग काही काळ बाहेरून स्वस्थ दिसते आणि शेवटी मूळ बाहेर टाकते. मूळ फुटण्यापूर्वी ओल गेली, तर बहुतेक बिया पुन्हा सुकून टिकाव धरू शकतात. मूळ एकदा बाहेर आले, की परतीचे दोर कापले गेले. मृगाच्या एका सरीने चिखल भिजावा आणि त्यानंतर तीन आठवडे पावसाने दडी मारावी, हा अनुभव दुबार पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यास सांगावा लागत नाही. प्रयोगशाळेत पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात बी ठेवून हीच टंचाई निर्माण करतात. द्रावण जसजसे पाणी घट्ट धरून ठेवते, तसतसे बी उशिरा आणि कमी संख्येने रुजते. कोणती जात कुठे हार मानते, हे मात्र जातीजातीनुसार बदलते.

म्हणूनच निसर्ग सगळे बी एकाच वर्षी खर्च करीत नाही. पाऊस बेभरवशाचा असेल तेथे दरवर्षी बियांचा काही अंश राखून ठेवणेच फायद्याचे ठरते, हे डॅन कोहेन यांनी १९६६ साली गणिताने मांडले. कोणत्याही सावध पेढीवाल्यास ते पटावे. परंतु या राखीव निधीलाही मर्यादा आहे. लागोपाठच्या अवर्षणात झाडे फुलत नाहीत, नवी भर पडत नाही, आणि फसलेल्या रुजवणीत जुने बी मात्र खर्च होत राहते. अशा वेळी मूळ निधी जपायचा, की तोच उपसून न्यायचा?

जिवंत बियाणे प्रामुख्याने गाळाच्या वरच्या काही सेंटिमीटरांत असते. पोकलेनचे दात पहिल्यांदा घेतात ते नेमके तेच. मग उघड्या काठावर बेशरम फोफावते. तिला बियांच्या पेढीची गरज नसते, फांदीचा तुकडा पुरतो. तलावातील पाणगवत गेले, की त्यात अंडी घालणारे व दडणारे गावरान मासे कमी होतात आणि तोटा ढीवर कुटुंबांच्या पदरी पडतो. गाळाचा लाभ शेतमालकास आणि नुकसान मासेमारास, अशी ही वाटणी असून तिची चर्चा ग्रामसभेत क्वचितच होते.

उपाय खर्चिक नाहीत. गाळ काढण्यापूर्वी वरचा पातळ थर बाजूस रचावा आणि काम संपल्यावर काठाच्या उतारावर परत पसरावा. एकाच उन्हाळ्यात अख्खा तलाव न खरवडता काही भाग पुढील वर्षांसाठी सोडावा. मधला एखादा खोल डोह शक्यतो ओला राखावा, म्हणजे शिंगाड्यासारख्यांचे वाण टिकेल. कामाच्या अंदाजपत्रकात यासाठी एक ओळ लागेल, आणि ती लिहिताना त्या तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेच्या प्रतिनिधीस अभियंत्याशेजारी बसवावे लागेल. कारण कोणत्या काठाला काय उगवते, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असते.