उशीखालचे लव्हेंडर आणि बांधावरचा मोह

लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांकडून एक छोटा प्रकल्प लिहून घेतो. वनस्पतींविषयीच्या लोकसमजुती आणि लोकोपचार हा त्यातला एक नेहमीचा विषय. अलीकडे आलेल्या अशाच एका प्रकल्पाने आम्हांला विचारात पाडले. विद्यार्थिनी भंडारा जिल्ह्यातील दिघोरीकडची. घर धानाच्या बांध्यांना लागून, बांधावर मोहाची जुनी झाडे. तिने लिहिले होते मात्र लव्हेंडरविषयी. उशीखाली लव्हेंडरची पुरचुंडी ठेवली की शांत झोप लागते, दारावर जुडी टांगली की अशुभ टळते, प्रेमपत्राला फुले चोळली की प्रेम फळते, अशी नेटकी यादी होती. शुद्धलेखन उत्तम होते. मोहाविषयी काहीच का नाही, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "सर, ते तं घरचंच आहे. त्यात काय लिहायचं?"

या उत्तराला हसून पुढे जाता आले असते. पण त्यात दोष तिचा नाही, आमचा आहे, असे आम्हांला वाटते. लोकसाहित्य म्हणजे दूरच्या आणि छापून आलेल्या गोष्टींची यादी, ही समजूत वर्गातूनच तयार झालेली आहे. वनस्पतींचे लोकज्ञान यादीच्या रूपाने शिकवले की त्यातला अर्थ हरवतो आणि त्यातला धोकाही लपतो, एवढेच आम्हांला येथे मांडायचे आहे.

प्रथम लव्हेंडरकडेच न्यायाने पाहू. ही भूमध्यसागराच्या परिसरातील वनस्पती. कपड्यांच्या पेटीत कसर लागू नये म्हणून तेथील घरांत तिची वाळलेली फुले ठेवीत. बाराव्या शतकातील जर्मन साध्वी हिल्डेगार्ड हिच्या औषधीविषयक लेखनात तिचा उल्लेख आहे. स्पेन-पोर्तुगालमध्ये सेंट जॉनच्या सणाला ती शेकोटीत टाकण्याची चाल होती. सुगंधोपचार या अर्थाचा फ्रेंच शब्द रूढ करणारे रसायनतज्ज्ञ गातफोसे यांचे पुस्तक १९३७ चे. अलीकडे लव्हेंडरच्या तेलाच्या कॅप्सूलवर चाचण्या झाल्या आणि चिंतेच्या विकारात काही उपयोग दिसला. म्हणजे कपड्यांची पेटी, सणाची शेकोटी, मठातली वैद्यकी आणि प्रयोगशाळा ही चार वेगवेगळी ठिकाणे आहेत. यादीत ती एका ओळीत बसवली जातात. कोणी, केव्हा, कशासाठी हे पुसले जाते आणि उरतो तो केवळ ‘उपयोग’. याच लव्हेंडरच्या प्रजातीतील काही रानटी जाती आपल्या दख्खनच्या माळांवर आणि सह्याद्रीत उगवतात, हेही त्या यादीत नसते.

आता मोह. संस्कृतात तो मधूक. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात पार्वतीला नववधू म्हणून सजवताना तिच्या केसांभोवती दूर्वा आणि मधूकफुलांची माळ गुंफली आहे, ‘रघुवंशा’त इंदुमतीच्या स्वयंवरातही तीच माळ आहे. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त गोदातीरावरच्या मोहाला उद्देशून बोलणारी नायिका आहे. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे ती मराठी वाचकाला सहज भेटते. फुले गळणे आणि ती वेचायला जाण्याचे निमित्त असणे यांवर त्या गाथेची सारी खुबी आहे. मोहाची फुले रात्री उमलून पहाटे गळतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती गाथा अर्धीच कळेल. आमच्या विद्यार्थिनीला ते लहानपणापासून ठाऊक होते. गाथा समजण्याची किल्ली तिच्या घरीच होती आणि ती तिला अभ्यासाबाहेरची वाटत होती.

झाडीपट्टीत फाल्गुन-चैत्रात झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ करतात आणि उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन वेचायला जातात. हे काम बहुधा बायका आणि मुलांचे. अस्वलालाही ही फुले प्रिय, आणि जंगलालगत वाघाचे भय असते. म्हणून एकट्याने जायचे नाही. गोंड समाजात नवे मोहफूल आधी देवाला वाहून मगच खाण्याची रीत आहे. फुले वाळवून वर्षभर पुरवतात. पुढे उन्हाळ्याच्या अखेरीस फळे येतात, त्यांतल्या बियांना या भागात टोरी म्हणतात. टोरीचे तेल थंडीत थिजते. ते दुखऱ्या सांध्यांना आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. तेल काढून उरलेल्या ढेपेत सॅपोनिन असते. त्यामुळे ती पाण्यात टाकली की मासे गुंगतात, ही गोष्ट मासेमारी करणारे रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून जाणतात. जन्म, लग्न, मृत्यू या तिन्ही प्रसंगी गोंडांच्या विधींत मोहाच्या दारूला स्थान आहे.

हे सारे एका मापाने मोजता येत नाही. देवाला पहिले फूल वाहणे हा विधी आहे. त्याने रोग बरा होतो असा कोणाचा दावा नसतो. त्याने गाव एकत्र येते आणि कोवळ्या हंगामात अधाशीपणाला थोडा आवर बसतो. टाचेला तेल लावणे हा उपचार आहे. तो तपासता येतो आणि तपासला पाहिजे. तिसरा प्रकार तोडग्याचा. तेथे जपून पाऊल टाकावे लागते, कारण मांडवात आशीर्वाद देणारा पुजारी आणि सर्पदंश झाल्यावर झाडपाला बांधून मंत्र म्हणणारा मांत्रिक हे अनेक गावांत एकच असतात.

धानाच्या मुलखात साप ही रोजची गोष्ट आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते तेव्हा वेदना फारशी नसते, सूजही दिसत नाही; आणि मंत्राने उतरले असे वाटत असतानाच श्वास बंद पडू लागतो. अशा वेळी सर्पविषावरील इंजेक्शनाखेरीज दुसरे औषध नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे. लोकसाहित्याच्या तासाला हा कायदा सांगितलाच पाहिजे. ‘लोकांचे ज्ञान’ म्हणून सगळ्यालाच माळ घालणारा प्राध्यापक एखाद्या घरातला माणूस जाण्याला हातभार लावू शकतो.

पण याच्या उलट टोकाची चूकही कमी महाग पडलेली नाही. मोहाकडे केवळ दारू म्हणून पाहण्याची सवय राज्यकर्त्यांना जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८९२ च्या ‘म्हौरा ॲक्ट’ने ठाणे-कुलाब्याकडे मोहफुले जवळ बाळगणेही निषिद्ध केले, त्यामागे सरकारी भट्ट्यांच्या महसुलाची काळजी होती. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात असल्याने तो कायदा इकडे नव्हता, परंतु १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातही मोहफूल नियंत्रणाखालीच राहिले. महाराष्ट्रात हे निर्बंध बऱ्याच अंशी सैल झाले ते २०२१ मध्ये. दुष्काळात जे फूल अन्न होते, ते पोतडीत सापडले म्हणून माणूस आरोपी ठरू शकत होता. येथेही गोष्ट सरळ नाही: शेजारच्या गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चळवळीमुळे. पहाटे फुले वेचणारी बाई आणि दारू नको म्हणणारी बाई एकच असू शकते. तिचे दोन्ही म्हणणे ऐकून घेईल असा अभ्यास आपल्याला हवा आहे.

साहित्याच्या शिक्षकांनी यात काय करावे? औषधांची परीक्षा हे आमचे काम नव्हे. आमचे काम शब्दांचे आणि प्रसंगांचे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या ग्रंथापासून शास्त्रशुद्ध संकलनाची शिस्त मराठीत आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीत राहून झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला; आपल्या परिसराची बोली अभ्यासविषय होऊ शकते हे त्यांनी दाखवून दिले. त्या वाटेने विद्यार्थ्याला प्रत्येक समजुतीपुढे चार साधे प्रश्न लिहायला सांगावेत. हे कोण करते? केव्हा करते? त्या वेळी कोणते शब्द बोलते? आणि याने काम झाले नाही तर पुढे काय करते? चौथा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विधीपुढे तो निरर्थक ठरतो, उपचारापुढे त्याला उत्तर मिळते, आणि तोडग्यापुढे तो विचारताच घरात शांतता पसरते. तीनही प्रकार त्या एका प्रश्नाने आपोआप वेगळे होतात.

लव्हेंडरवर लिहू नये असे आम्ही म्हणत नाही. त्या फुलामागेही कोणा आजीची कपड्यांची पेटी आहे. तिच्यापर्यंत पोहोचणारा अभ्यास झाला तर तो आम्ही आनंदाने वाचू. परंतु परक्या फुलाला ‘आरोग्य’ म्हणायचे आणि घरच्या फुलाला एक तर अंधश्रद्धा किंवा गुन्हा म्हणायचे, हा दुजाभाव आमच्या वर्गात तरी नसावा.

त्या विद्यार्थिनीने प्रकल्प पुन्हा लिहून आणला. या वेळी शुद्धलेखनाच्या चुका अनेक होत्या, कारण तिने आजीचे बोलणे जसेच्या तसे उतरवले होते. टोरीच्या तेलाने गुडघा नाही राहिला तर काय करतेस, या प्रश्नावर आजीचे उत्तर होते की मग दवाखान्यात जाते. त्या चुका आम्ही दुरुस्त केल्या नाहीत.